माझ्याकडे मागितलेली माफी

माझी सून मला पुण्यवान समजते. मी एकादशी चुकवत नाही, चातुर्मासात कांदा-लसूण शिवत नाही, दारी आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाही, हे ती बघते आणि शेजारणींना कौतुकानं सांगते. मी ऐकून घेते. बाई उपास करते एवढंच लोक बघतात, का करते हे कुणी विचारत नाही, आणि ते माझ्या सोयीचंच आहे. पण आता डोळे अधू होत चाललेत, अक्षर वाकडं यायला लागलंय, तर सरळ येतंय तोवर लिहून टाकावं असं ठरवलं. तोंडानं सांगायची वेळ तीनदा आली होती. तिन्ही वेळा मी तोंड मिटून बसले, किंवा त्याहून वाईट म्हणजे तोंड उघडून खोटं बोलले.

माझं माहेर अमरावतीचं आणि सासर अकोल्याचं. सासरे याज्ञिकी करत, श्रावणात पुराण सांगत. यजमान कचेरीत कारकून. मी सासरी नांदायला आले तेव्हा तिकडे अमेरिकेत गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती, आणि तिच्यामुळे आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. कुठली अमेरिका, कसली लढाई, कुणाला ठाऊक नव्हतं. पण ज्याच्या शेतात कापसाची पळाटी उभी होती त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. बार्शीटाकळीकडून, हिवरखेडकडून गाड्यांच्या रांगा यायच्या आणि आमच्या गल्लीतून जाताना बाया दाराशी उभ्या राहून खाली पडलेलं बोंड न् बोंड वेचायच्या. चांगल्या घरच्या बायासुद्धा. पुढे पुढे तर लोकांनी घरातल्या गाद्या, लोड, तक्के उसवून आतला जुना कापूस अडत्याकडे नेला. आमच्या शेजारचे वकील त्या वर्षी पक्षकारांना चटईवर बसवत. वकिलीण सांगायची, उन्हाळ्यात चटईच बरी, थंड असते. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं भोगला आहे त्याला त्यातला खोटेपणा कळेल.

माझ्या सासूबाई तशा नव्हत्या. त्यांनीही गाद्या उसवल्या, सहाच्या सहा, पण विकायला नाही. नणंदेचं लग्न ठरलं होतं. जुना कापूस पुन्हा पिंजून तिच्यासाठी दोन जाड गाद्या आणि रजया करायच्या, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी पिंजाऱ्याला बोलावणं गेलं.

तो वर्षानुवर्षं आमच्या घरी येणारा. उंच, वाकलेला, दाढी पांढरी. ती वयानं पांढरी की कापसानं, हे लांबून कळायचं नाही. सगळे त्याला चाचा म्हणत. मागच्या पडवीत तो आपली पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं मोठं धनुष्य, टांगायचा, तोंडाला फडकं बांधायचा आणि लाकडी मोगरीनं तिच्या ताणलेल्या तातीवर ठोके द्यायला लागला की घरभर तो आवाज भरून राहायचा. घट्ट, काळपट झालेले गोळे बघता बघता फुलून यायचे. काम सात-आठ दिवसांचं होतं. सासूबाईंनी वाण्याकडून तागडी आणवून सगळा कापूस तोलून त्याच्या हवाली केला आणि मला म्हणाल्या, "तू इथं दारात बस. नजर ठेव. आजकाल कापसासाठी माणूस काहीबी करते."

म्हणजे राखण माझ्याकडे होती, हे आधी सांगून ठेवते.

मी सोळा-सतरा वर्षांची. घरात बोलायला कुणी नाही. नणंद लग्नाच्या तोऱ्यात, सासूबाई सोवळ्यात. मग मी चाचांशी बोलायची. पिंजण चालू असली की काही ऐकू येत नसे. पण मधूनमधून ते थांबायचे, फडकं खाली ओढून पाणी प्यायचे, आणि तेवढ्या वेळात मी काहीतरी विचारायची. असं विचारता विचारता जन्नतीची गोष्ट निघाली. मीच काढली. त्या दिवशी ऊन असं होतं की पडवीच्या पत्र्यासारख्या तापलेल्या कौलांकडे बघवत नव्हतं, आणि मी म्हटलं, चाचा, या उन्हात तुमी ठोकतच राहता, तुमाले थकवा कसा येत नाही?

"येते ना सूनबाई. पन तठी गेल्यावर नाई येत," ते म्हणाले. "तठी थकवा नाई, ऊन नाई, लू नाई. झाडाईची सावलीच एवढी का घोडेस्वार वर्सानुवर्स पळत राह्यला तरी सावली सरत नाई."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मशिदीत ऐकलेलं सगळं पाठ होतं. झाडांच्या मुळाशी वाहणाऱ्या नद्या. एक दुधाची, ते दूध कधी नासत नाही. एक मधाची. फळं अशी खाली वाकलेली की बसल्याजागी तोडता येतात. मी आपली सासऱ्यांच्या पुराणाशी ताडून बघायची. दुधाचा समुद्र आमच्याकडेही होता. पण गाद्यांचं काही आमच्या पुराणात नव्हतं, आणि चाचा तर गाद्यांबद्दल नुसते भरभरून बोलायचे. उंच बैठका, ओळीनं मांडलेले लोड, जागोजाग अंथरलेले गालिचे, आणि गाद्यांचं अस्तरसुद्धा रेशमाचं.

"अस्तर रेशमाचं," ते पुन्हा म्हणायचे. "अस्तर! मंग वरून काय असंन, तुमीच इचार करा." कारागीर माणूस, अस्तर म्हणजे लपवायची बाजू, तिथं कुणी रेशीम घालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक.

"मंग तठी पिंजते कोन?" मी चिडवलं. "तुमालेच बसवतीन ठोकत."

ते खूप हसले. खोकला येईपर्यंत हसले. "नाई बेटी. तठी पिंजारी गादीवर बसते."

आयुष्यभर लोकांच्या गाद्या भरलेला हा माणूस गोधडीवर झोपायचा. हे मला तेव्हा सुचलं नाही. बरंच काही तेव्हा सुचलं नाही.

एकदा मी विचारलं, की आमचे मामंजी सांगतात, स्वर्गात पुण्य संपलं की माणसाला परत खाली ढकलतात, मग पुन्हा जन्म, पुन्हा सगळं. तुमच्याकडे केव्हा परत पाठवतात? ते म्हणाले, पाठवतच नाहीत. एकदा आत गेलं की गेलं. मला ते फार आवडलं होतं. सासरी आलेल्या मुलीला परत पाठवणं म्हणजे काय, हे ठाऊक असतं.

"पन आत जानं सोपं नाई," ते म्हणाले, आणि तेव्हा मात्र हसत नव्हते. "नमाज चुकली, रोजा चुकला, त अल्ला माफ करू शकते. त्याचा हक हाये, तो सोडू शकते. पन मानसाचा हक अल्ला सोडत नाई. ज्याचं घेतलं, ज्याले दुखवलं, त्यानंच माफ करा लागते. नाई केलं त त्या दिवशी आपले रोजे, आपल्या नमाजा त्याले द्या लागते. ते सरले, त त्याचे गुन्हे आपल्या डोक्यावर."

मला हसू आलं होतं. केलेला उपास उचलून दुसऱ्याला कसा देणार, असं तेव्हा वाटलं; आता मी एकादशा मोजून ठेवते. चाचांनी माझ्या हसण्याकडे दुर्लक्ष केलं. संध्याकाळी काम संपलं की ते मुंडासं सोडून ढिगावर झटकायचे, अंगरखा झटकायचे, दाढीतून बोटं फिरवून अडकलेले तंतू काढायचे आणि तेही ढिगावर टाकायचे. मला त्याचंही हसू यायचं. दाढीत असा किती कापूस असणार.

आणि ह्याच दिवसांत मी त्या ढिगातला कापूस चोरत होते.

कारण सांगायला मला लाज वाटते, म्हणून लवकर सांगून टाकते. रेवड्या. दुपारी मागच्या दारावरून एक म्हातारी टोपली घेऊन जायची. रेवड्या, गोडीशेव, फुटाणे. त्या साली ती धान्यावर माल देईना, कापूस मागायची. मूठभर कापूस द्या, मूठभर रेवड्या घ्या. पहिल्या दिवशी मी गंमत म्हणून दिला. मग चटक लागली. मला डोहाळे लागले होते, असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला माझी दया आली असती. डोहाळेबिहाळे काही नव्हते. सासरी मोजून मिळायचं, बाहेरचं खायला बंदी होती, आणि मला रेवड्या आवडायच्या. एवढंच.

चाचा पडवीत असताना घेणार कसं? तर तेही सांगते. दुपारी सासूबाई वामकुक्षी करत, नणंद आत, आणि चाचा काम थांबवून विहिरीजवळ स्वतःच्या तांब्यातल्या पाण्यानं हातपाय धूत आणि परसात निंबाखाली फडकं अंथरून नमाजाला उभे राहत. तोंड पश्चिमेला, पाठ माझ्याकडे. नमाजात माणूस मागे वळून बघत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ते वाकले की मी उठायची, ते कपाळ टेकवायचे तेव्हा माझा हात ढिगात असायचा. पिंजलेला नाही, न पिंजलेला घट्ट गोळा घ्यायची, कारण म्हातारी त्याच्या जास्त रेवड्या द्यायची. असं रोज. शेवटी शेवटी तर मूठ नाही, ओटीच भरायची.

काम संपलं तेव्हा सासूबाईंनी पुन्हा तागडी आणवली. पिंजताना धूळ उडते, थोडी घट येतेच, ती त्यांनी धरली होती. पण कापूस त्याहून बराच कमी भरला. त्यांनी दोनदा तोलला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू बसली होतीस ना इथं? यानं काही बांधून नेलं का?"

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. तेवढं एक म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "मी मधूनमधून पाण्याले उठत होते. तेवढ्यात काई झालं असंल त ठाऊक नाई."

बघा किती बेतानं बोलले. कुणाचं नाव घेतलं नाही.

सासूबाईंनी सासऱ्यांना बोलावलं. चाचा पडवीच्या खांबाला धरून उभे. "बाई, म्या नाई नेला," एवढंच ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मंग घे शपथ. तुह्या कुराणावर हात ठेव अन् म्हण."

आमच्याकडे शपथेला कधीच तोटा नव्हता. गंगेची शपथ, गाईची शपथ, लेकराच्या डोक्यावर हात. भाजीत मीठ जास्त झालं तरी स्वयंपाकीण बेलभंडारा उचलायला तयार असायची. जो खरा असेल तो धावत जाऊन शपथ घेईल, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत. चाचा मात्र मागे सरले. जणू कुणी निखारा पुढे केला होता.

"मूठभर कापसासाठी त्या किताबले हात लावू?" ते म्हणाले. "नाई बाई. हे माह्यानं होनार नाई."

"मंग तूच नेला असं समजू का?"

"तुमाले काय समजाचं ते समजा."

सासरे आत वळता वळता म्हणाले, "शपथ घेत नाही, यातच आलं सगळं." विद्वान माणूस. चारी वेदांतलं काही ना काही पाठ होतं त्यांना. पण समोरचा माणूस देवाला किती भितो म्हणून शपथ टाळतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. आठ दिवस त्यांच्याशी बोलणारी त्या घरात मी एकटीच होते. मला दारामागे उभं राहून अगदी स्वच्छ कळत होतं, आणि मी पदर तोंडात धरून उभी होते.

चाचांनी पिंजण काढली, खांद्यावर टाकली. मजुरी मागितली नाही, आम्ही दिली नाही. उरलेल्या रेवड्या मी एका डबीत लपवल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी खाल्ल्या. घशाखाली उतरणार नाहीत असं वाटलं होतं, पण उतरल्या.

गाद्या भरायचं पुढचं काम दुसऱ्या पिंजाऱ्यानं केलं. नणंदेच्या गाद्यांत गाठी राहिल्या, ती अजून बोलून दाखवते. चाचांची गोष्ट पेठेत पसरायला वेळ लागला नाही. कापसाचे दिवस, त्यात कापूसचोर म्हटल्यावर कोण दारात उभं करणार? तशीही निम्म्या घरांत गाद्या उरल्या नव्हत्या. काही महिन्यांनी कळलं, ते अकोला सोडून अमरावतीला गेले, तिथल्या कापसाच्या बाजारात मिळेल ते काम करतात. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. रोज त्या गल्लीतून त्यांची पिंजण ऐकू येण्याची भीती गेली.

मग तिकडची लढाई संपली आणि कापसाचा भाव जो घसरला तो घसरलाच. शेंब्या सराफाकडे गेल्या, लोकांनी पुन्हा गाद्या भरल्या, वकिलांची चटई गेली. मी पहिल्या बाळंतपणाला अमरावतीला माहेरी आले. मुलगा झाला. सव्वा महिना होऊन गेल्यावर एका सकाळी मी परसदारी बाळाला तेल लावत बसले होते, तेव्हा कुंपणाशी एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची, कडेवर लहान मूल.

"अकोल्याच्या शास्त्रीबुवाची सूनबाई तुमीच का?" तिनं विचारलं. आमच्या सुईणीकडून तिला मी आल्याचं कळलं होतं. "मी त्या पिंजाऱ्याची लेक होय. तुमच्याकडं गाद्या पिंजाले येत जाय, ते."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मला वाटलं, ही आता सगळं बोलणार. हिला सगळं ठाऊक आहे.

तसं काही नव्हतं. तिचे वडील अंथरुणाला खिळले होते. दमा. आयुष्यभर छातीत भरलेला कापूस. हकिमानं हात टेकले होते. आणि त्यांच्यात जाणारा माणूस सगळ्यांकडून कहा-सुना माफ करून घेतो, म्हणजे बोललं-चाललं, घेतलं-दिलं सगळं. ज्यांच्याशी संबंध आला त्यांच्याकडे घरचं माणूस निरोप घेऊन जातं. तिनं मोहल्ल्यातल्या सगळ्यांकडून माफी आणली होती. अमरावतीच्या घरांतून आणली होती. "एकच घर राह्यलं, म्हनते. अकोल्याचं. तेवढ्यासाठी जीव अटकला हाये."

"पन त्यांनी त नाही म्हटलं होतं," मी म्हणाले.  "ते त नेला नाही म्हणत होते."

"आतापन तेच म्हनतेत," ती म्हणाली. "जानून नाई नेला. पन ताई, इतल्या वर्साईत त्याईच्या मनानं घेतलं का अनजान्यात गेला असंन. मुंडाशात, कपड्याईत, दाढीत. झटकत जाय ते, पन झटकून झटकून सगळा निघते का? रोज थोडा थोडा घरी येतच असंन. तोच तुमचा कमी भरला असंन. म्हनतेत, मी शपथ नाई घेतली ते बरंच झालं, झूटी झाली असती. तुमी माफ करान का त्याईले?"

मी सांगितलं ना, मी त्यांच्या दाढी झटकण्याला हसायची. त्या माणसानं इतकी वर्षं बसून त्या दाढीतल्या तंतूंचा हिशेब केला होता, आणि माझ्या ओटीभर चोरीचा दोष त्यात बसवला होता. मी त्यांची रोजी घेतली, गाव सोडायला लावलं, हे मला ठाऊक होतं. आपण निर्दोष आहोत ही त्यांची खात्रीही मी घेतली, हे मला त्या सकाळी कळलं. आणि तीच खात्री तर त्यांना तिकडे घेऊन जायची होती.

मी पळवाट काढून पाहिली. म्हटलं, मी तुमच्या धर्माची नाही, माझी माफी तिथं कशी चालेल? ती म्हणाली, "मौलवीसाहेबाले इचारलं. ते म्हने, हिंदूचा हक त जास्तच भारी. तो अठीच सोडवून घ्या."

सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं: तुझ्या बापानं काही नेलं नाही, कापूस मी नेला. पण मागे स्वयंपाकघरात आई होती, भांड्यांचा आवाज थांबला होता, म्हणजे ती ऐकत होती. आईला कळलं की वडिलांना, वडिलांना कळलं की अकोल्याला. शास्त्रीबुवांच्या सुनेनं बाहेरच्या म्हातारीच्या रेवड्यांसाठी घरातला कापूस चोरला, आणि दुसऱ्यावर घातला. मला माझं नांदणं दिसत होतं, मांडीवरचं मूल दिसत होतं. सासरहून परत पाठवलेल्या एका बाईचं घर आमच्याच आळीत होतं, तिच्याकडे हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे.

"माफ केलं," मी म्हणाले. "सांग त्यांना. आमच्या घरच्यांनी सगळं माफ केलं."

ती रडायलाच लागली. कुंपणाबाहेरूनच तिनं जमिनीला हात लावून डोक्याला लावला. आणि खरं लिहायचं म्हटलं तर हेही लिहायला हवं: घटकाभर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मरणाऱ्या माणसाला शांती दिली, नाही का? आईही बाहेर येऊन म्हणाली, बरं केलंस, मनाचा मोठेपणा पाहिजे. मी बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, जेवले.

पाच-सहा दिवसांनी ती पुन्हा आली. या खेपेला मूल बरोबर नव्हतं. तिच्याकडे बघताच मला कळलं. शुक्रवारी गेले, म्हणाली. जुम्याच्या दिवशी गेले म्हणजे नशीबवान, असं सगळे म्हणत होते. मी विचारलं, निरोप पोचला का वेळेवर?

"पोचला ना. तुमच्याकडून निंगाली ते सिधी घरी गेली. त्याईच्या कानाशी बसून सांगतलं, का अकोलेवाल्या सूनबाईनं माफ केलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मले वाटलं, खुश होतीन. पन त्याईनं माहा हात धरला. मंग म्हने, ‘माफ केलं म्हनली? काई घेतलं नाई, असं नाई म्हनली?’ मी म्हनलं, नाई अब्बा, माफ केलं म्हनल्या. त म्हने, ‘मंग गेलंच होतं माह्याकडून.’ तवरोक त्याईले थोडी उमेद होती ताई, का नसंन गेलं. मंग शेवटलोक तौबा तौबा करत राह्यले."

मी खाली बघत होते. परसातली माती दिसत होती. त्या मातीवर तेव्हा मुंग्यांची रांग होती हे मला अजून आठवतं, आणि मी ती रांग कुठवर जाते ते बघत राहिले, कारण वर बघायची माझी छाती नव्हती. आताही बोलता आलं असतं. बाप गेला होता, पण लेक समोर उभी होती. निदान तिला तरी तिचा बाप परत देता आला असता.

"एक इचारू का ताई?" ती म्हणाली. "राग नका मानजा. तुमी मनापासून माफ केलं ना? नुसतं तोंडानं म्हनलं असंन, त तठी ते धरत नाईत."

आई माझ्या शेजारीच उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन.

"मनापासून," मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग अंगणात न येता, लांबूनच तिनं माझ्या मुलावरून दोन्ही हात ओवाळले, स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली, अल्ला तुमच्या लेकराले लंबी उमर देवो म्हणाली, आणि घरी गेली.